रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखतेच: आयबीएस आणि मन यांच्या नात्याविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपासून पोटात मुरडा येतो. एखाद्या आठवड्यात दिवसातून चार-पाच वेळा शौचास पळावे लागते, तर दुसऱ्या आठवड्यात दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळे नॉर्मल आले आणि आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे हळव्या आतड्याच्या विकाराचे) निदान झाले. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी रात्री घेण्यासाठी एक छोटी गोळी लिहून दिली. तिच्यासोबतचे माहितीपत्रक वाचल्यावर ती नैराश्यावरची गोळी असल्याचे कळले आणि तेव्हापासून ती पाकिटातच पडून आहे. म्हणजे माझा आजार मनाचा आहे का, आधी काळजी आली की आधी पोट बिघडले, आणि ही गोळी घ्यावी का, असे तीन प्रश्न आहेत. चौथा शेवटच्या ओळीत जाता जाता विचारला आहे: ‘विचार करणे सोड म्हणजे आपोआप बरे वाटेल’ असे घरचे म्हणतात, त्यांना काय सांगावे?

मी बावीस वर्षांहून अधिक काळ पोटविकारांच्या रुग्णांवर उपचार करते आहे आणि हे चारही प्रश्न एकाच गैरसमजाच्या पोटी जन्माला येतात, असे माझे मत झाले आहे. दुखणे एक तर शरीराचे असते किंवा मनाचे. त्यामुळे तपासणीत शरीराचे काही निघाले नाही की उरलेले सारे मनाच्या खात्यावर जमा होते, असा तो गैरसमज आहे. दुर्दैवाने तो रुग्णांइतकाच डॉक्टरांमध्येही आहे, आणि त्याची कबुली मी पुढे देणारच आहे.

प्रथम नॉर्मल रिपोर्टविषयी. कोलोनोस्कोपी आतड्याचे अस्तर दाखवते: कुठे व्रण आहे का, सूज आहे का, गाठ आहे का. सोनोग्राफी अवयवांचा आकार आणि रचना दाखवते. भिंतीवरच्या घड्याळाचे छायाचित्र काढले तर त्यात काटे आणि आकडे जागच्या जागी दिसतील. ते घड्याळ रोज दहा मिनिटे मागे पडते, हे छायाचित्रात दिसणार नाही. आयबीएसमध्ये बिघाड रचनेत नसून कामाच्या पद्धतीत असतो. आतड्याचे स्नायू किती जोराने आणि किती वेळाने आकुंचन पावतात, आतड्यातून येणाऱ्या संवेदना किती तीव्रतेने जाणवतात, मेंदू त्यांचा अर्थ कसा लावतो, या सगळ्यांत तो असतो. म्हणूनच २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या रोम निकषांच्या (अशा आजारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांच्या) वेळी तज्ज्ञांनी या गटातील आजारांना ‘आतडे आणि मेंदू यांच्या परस्परसंवादाचे विकार’ असे नाव दिले. त्या निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी आणि तिच्या जोडीला तीनपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात: दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत झालेला बदल आणि मलाच्या स्वरूपात झालेला बदल. शिवाय हा त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावे लागतात. म्हणजे ‘काहीच सापडले नाही म्हणून आयबीएस’ अशी ही कचऱ्याची टोपली नाही. लक्षणांवरून ठामपणे करता येणारे हे निदान आहे.

अर्थात काही लक्षणे अशी आहेत की ती असतील तर आयबीएसचे नाव घेऊन थांबता येत नाही. मलातून रक्त जाणे, प्रयत्न न करता वजन घटणे, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग, आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार किंवा सीलिअॅक आजार (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा) असणे, ही ती लक्षणे. तुमच्या वर्णनात यांपैकी काही दिसत नाही आणि आवश्यक तपासण्या झालेल्या आहेत. त्या पुन्हा करून घेण्याचा मोह होईल, पण चिंता शमवण्यासाठी केलेल्या तपासणीचा दिलासा फार टिकत नाही. माझ्या अनुभवात तो दोन-तीन आठवड्यांत ओसरतो आणि मग पुढच्या तपासणीची ओढ लागते.

आता आतडे आणि मेंदू यांच्यातील वाटेकडे वळू. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींची दोन जाळी पसरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात माइसनर आणि आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञांनी त्यांचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. या जाळ्यांत कोट्यवधी मज्जापेशी आहेत. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवून दिले की बाहेरून येणारे मज्जातंतू कापून टाकले तरी आतडे अन्न पुढे ढकलण्याचे काम स्वतःहून करत राहते. म्हणजे आतड्याला स्वतःची मज्जासंस्था आहे आणि ती बऱ्याच अंशी स्वतंत्र आहे, मात्र एकाकी नाही. व्हेगस या मोठ्या मज्जातंतूने ती मेंदूशी जोडलेली आहे, आणि त्यातील सुमारे ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत. मेंदू हुकूम सोडतो आणि पोट तो पाळते, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात मेंदू बोलतो त्यापेक्षा पोटाचे ऐकतो जास्त. शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते, ही माहिती अलीकडे सर्वत्र वाचायला मिळते आणि ती खरी आहे. मात्र आतड्यातले सेरोटोनिन मेंदूत जाऊन माणसाला आनंदी करते, हा तिच्यापुढे जोडला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. आतड्यात त्याचे काम वेगळे आहे: हालचालीला चालना देणे आणि संवेदना वाहणाऱ्या तंतूंना जागे करणे.

दिवसभर पोटातून वर जाणाऱ्या या निरोपांपैकी आपल्याला जवळजवळ काहीच जाणवत नाही. जेवल्यानंतर मोठे आतडे जोराने आकुंचन पावते, वायू एका वळणावरून दुसऱ्या वळणावर सरकतो, आणि निरोगी माणूस मजेत बोलत बसलेला असतो. आयबीएसमध्ये ही गाळणी सैल होते. १९७३ मध्ये रिची या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक छोटा फुगा ठेवून तो हळूहळू हवेने फुगवला. साठ मिलिलिटरपर्यंत फुगवल्यावर आयबीएसच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना दुखले. इतरांमध्ये हे प्रमाण सुमारे सहा टक्के होते. फुगा तोच, हवा तेवढीच, दुखणे मात्र वेगळे. कोणी सोंग करत नव्हते. मेंदूपर्यंत पोचणारी कळ त्यांच्या बाबतीत खरोखरच मोठी होती.

मनाची अवस्था आतड्याचे वर्तन किती लवकर बदलते, याचा सर्वांत बोलका प्रयोग विसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कमधील थॉमस आल्मी यांनी केला. आजची कोणतीही नैतिकता समिती त्याला परवानगी देणार नाही. वैद्यकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याच्या आतड्यात दुर्बीण घालून तपासणी चालू असताना तपासणाऱ्यांनी कर्करोग दिसत असल्याचे नाटक केले. विद्यार्थी घाबरला आणि त्याच क्षणी समोर दिसणारे आतडे आवळू लागले. ही थट्टा होती असे सांगितल्यावर ते पुन्हा सैल झाले. भीतीने पोटात गोळा येतो, असे आपण सहज म्हणून जातो. तो गोळा दुर्बिणीतून पाहिलेला माणूस बहुधा हाच पहिला असावा.

यामागची साखळी आता बरीच उलगडली आहे. धोक्याची जाणीव झाली की मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून एक संप्रेरक सुटते, त्यातून पुढे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, आणि हायपोथॅलॅमसमधून सुटलेल्या त्या पहिल्या संप्रेरकाच्या प्रभावाने जठर मंदावते तर मोठे आतडे वेगाने हालचाल करू लागते. परीक्षेच्या सकाळी जेवण जात नाही आणि शौचास मात्र दोनदा जावे लागते, ते यामुळे. ताण दीर्घकाळ राहिला तर आतड्याच्या अस्तराची पारगम्यता वाढू शकते, आणि अस्तरातील मास्ट पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) मज्जातंतूंच्या शेजारी सक्रिय होऊन त्यांना अधिक हळवे करतात. काही रुग्णांच्या आतड्याच्या नमुन्यांत मज्जातंतूंना लागून असलेल्या अशा पेशी जितक्या अधिक, तितके दुखणे अधिक, असेही आढळले आहे. ‘मनाचे’ म्हणून ज्याची बोळवण केली जाते त्याचा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा हा भाग आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न: आधी काय? आकड्यांपासून सुरुवात करू. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आयबीएसच्या रुग्णांपैकी सुमारे ३९ टक्के जणांत चिंतेची आणि सुमारे २९ टक्के जणांत नैराश्याची लक्षणे आढळतात. इतर लोकांच्या तुलनेत हे प्रमाण बरेच जास्त आहे. पण हेच आकडे उलट्या बाजूने वाचले तर निम्म्याहून अधिक रुग्णांत चिंतेची लक्षणे नाहीत आणि दोन-तृतीयांशांहून अधिक रुग्णांत नैराश्याची नाहीत. म्हणून ‘आयबीएस म्हणजे टेन्शन’ हे सरसकट समीकरण साफ चुकीचे आहे. शिवाय तज्ज्ञांच्या दवाखान्यापर्यंत येणारे रुग्ण हे न येणाऱ्यांपेक्षा अधिक त्रासलेले असतात. आम्ही डॉक्टर रोज त्यांनाच पाहतो आणि सगळेच असे असतात, अशी समजूत करून घेतो.

क्रम शोधायचा तर माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियातील एका लोकसमूहाचा असा बारा वर्षांचा मागोवा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला पोटाचा कोणताही त्रास नसलेल्या पण चिंताग्रस्त असलेल्या लोकांत पुढे पोटाचे असे विकार अधिक निर्माण झाले. त्याच अभ्यासात, सुरुवातीला मन निरोगी असलेल्या पण पोटाचा विकार असलेल्या लोकांत बारा वर्षांनी चिंता आणि नैराश्य अधिक आढळले. वाट दोन्ही दिशांनी वाहते. त्याच संशोधकांच्या नंतरच्या एका अभ्यासात तर पोटाची लक्षणे आधी आणि मनाची नंतर, हा क्रमच अधिक लोकांत दिसला. तीन वर्षे पोटाने हैराण झालेला माणूस काळजी करू लागला, यात त्याचा स्वभावदोष शोधणे म्हणजे पावसात भिजलेल्याला ओलाव्याची आवड आहे असे म्हणण्यासारखे आहे.

दोन्ही दिशा एकत्र कशा येतात, हे जंतुसंसर्गानंतरच्या आयबीएसमध्ये फार स्पष्ट दिसते. जुलाब-उलट्यांच्या तीव्र संसर्गानंतर दहापैकी सुमारे एकाला पुढे आयबीएस होतो. सुरुवात पूर्णपणे शरीराची, जंतूची. पण त्या दहांपैकी कोणाला होईल, हे ठरवणाऱ्या घटकांत संसर्गाची तीव्रता आणि स्त्री असणे यांच्या बरोबरीने संसर्गाच्या वेळी असलेली चिंताही आहे. कॅनडातील वॉकर्टन या गावात मे २००० मध्ये पिण्याचे पाणी दूषित होऊन हजारो लोक आजारी पडले. त्यानंतर संसर्ग झालेल्यांचा आठ वर्षे मागोवा घेतला गेला. दोन-तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के जणांना आयबीएस होता. आठ वर्षांनी हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आले होते. आधीपासून चिंता किंवा नैराश्य असलेल्यांमध्ये तो टिकून राहण्याची शक्यता अधिक होती. या अभ्यासातील जी गोष्ट मी रुग्णांना आवर्जून सांगते ती वेगळीच आहे: काळाच्या ओघात जवळजवळ निम्म्या लोकांचा त्रास निवळला.

एक तिसरी शक्यताही आहे. २०२१ मध्ये पन्नास हजारांहून अधिक आयबीएस रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या सहा जनुकीय जागांपैकी बहुतेकांचा संबंध चिंता आणि मनःस्थितीच्या विकारांशीही आहे, आणि त्यांतल्या काही जनुकांचे काम मज्जापेशींची जडणघडण करणे हे आहे. म्हणजे काही कुटुंबांत पोट हळवे आणि मन हळवे या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येत असाव्यात. एकाने दुसऱ्याला जन्म दिलाच पाहिजे असे नाही. बालपणी सोसलेला छळ किंवा अत्याचार हाही दोन्हींचा धोका वाढवणारा घटक आहे, आणि त्याविषयी विचारण्याचे धैर्य फार कमी डॉक्टर दाखवतात.

इतके सगळे सांगून झाल्यावरही ‘आधी काय’ या प्रश्नाला मी दवाखान्यात फारसे महत्त्व देत नाही, कारण तीन वर्षांपूर्वी चक्र कशाने सुरू झाले यापेक्षा आज ते कशाने फिरते आहे, हे उपचारासाठी कामाचे असते. आणि ते फिरवणारी गोष्ट बहुतेक वेळा सर्वसाधारण ‘टेन्शन’ नसते. ती पोटाचीच भीती असते.

माझ्या एका रुग्णाची सकाळ जवळून पाहा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दहा वाजता बैठक आहे. सात वाजता उठल्यावर अंथरुणातच तो पोटावर हात ठेवून अंदाज घेतो. अंदाज घेतला की काहीतरी जाणवतेच. कोणाच्याही पोटात जाणवेल. तो शौचास जाऊन येतो, समाधान होत नाही, पुन्हा जातो. न्याहारी टाळतो. कार्यालयाला जाण्याचा जवळचा रस्ता सोडून लांबचा घेतो, कारण त्यावर तीन स्वच्छतागृहे आहेत आणि तिन्हींची दारे कुठल्या बाजूला उघडतात हे त्याला पाठ आहे. बैठकीत दाराजवळची खुर्ची पकडतो. खिशात जुलाब थांबवणारी गोळी आहे. ती आहे ना, हे तो दर दहा मिनिटांनी बोटांनी चाचपून पाहतो. साडेदहाला आतड्याचे एक साधे आकुंचन होते, तो दचकतो, छातीत धडधड होते, आणि वर सांगितलेली सारी संप्रेरकांची साखळी सुरू होऊन पाच मिनिटांत खरोखरच कळ येते. तो उठून बाहेर जातो, काही अनर्थ घडत नाही, आणि त्याचा मेंदू त्या दिवशी धडा शिकतो की वेळेवर उठलो म्हणून वाचलो. दाराजवळची खुर्ची, लांबचा रस्ता, खिशातली गोळी या तिन्ही गोष्टी त्याला क्षणभर आधार देतात आणि भीतीला वर्षभराचे खाद्य पुरवतात. हा मनुष्य बाकी आयुष्यात अजिबात चिंताळू नव्हता. पैशांची, कामाची, मुलांची चिंता त्याला शिवत नसे. नैराश्याच्या प्रश्नावलीत त्याचे गुण जवळजवळ शून्य आले असते. त्याची सगळी चिंता नाभीच्या आसपास वसलेली होती, आणि पोटापुरत्या या चिंतेची मोजदाद करण्यासाठी स्वतंत्र प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत, कारण आयबीएसची तीव्रता सर्वसाधारण चिंतेपेक्षा हिच्याशी अधिक निगडित असते.

इथे ती कबुली देते. मी नवीन असताना एका तरुणीचे सर्व रिपोर्ट पाहून हसतमुखाने म्हणाले होते, ‘तुम्हाला काहीही झालेले नाही.’ माझ्या मते ती आनंदाची बातमी होती. तिने शांतपणे फाइल उचलली आणि विचारले, ‘मग सकाळी बाथरूमच्या फरशीवर मी तासभर पोट धरून बसते, ते काय असते?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. ती पुन्हा आली नाही. आज मी तेच रिपोर्ट दाखवून म्हणते, ‘तुमच्या आतड्याला इजा झालेली नाही, पण त्याचा मेंदूशी चाललेला संवाद बिघडला आहे, आणि तो सुधारता येतो.’ संवादाचे हे महत्त्व मोजलेही गेले आहे. २००८ मधील एका अभ्यासात आयबीएसच्या रुग्णांना निव्वळ दिखाऊ अॅक्युपंक्चर दिले. ते कोरडेपणाने दिले तेव्हा ४४ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. तेच आपुलकीने, नीट ऐकून घेऊन दिले तेव्हा ६२ टक्क्यांना वाटला. नुसतेच प्रतीक्षायादीवर ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होते.

आता ती पाकिटातली गोळी. तुम्ही नाव लिहिलेले नाही, पण रात्री घ्यायची छोटी गोळी म्हणजे बहुधा अमिट्रिप्टिलिन किंवा त्याच गटातील औषध असावे. ही औषधे मुळात नैराश्यासाठी शोधली गेली हे खरे. पण नैराश्यासाठी त्यांचा डोस साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅमच्या घरात असतो, आणि आयबीएससाठी १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून बहुतेक वेळा ३० मिलिग्रॅमच्या आत थांबतात. इतक्या कमी मात्रेत ती मनःस्थितीवर फारसा परिणाम करत नाहीत. मज्जातंतूंमधून वर जाणारी कळ मंद करतात आणि आतड्याची घाई थोडी कमी करतात. मायग्रेन आणि मज्जातंतूंच्या वेदनांसाठीही ती याच कारणाने वापरली जातात. २०२३ मध्ये इंग्लंडमधील ४६३ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी अमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांची लक्षणे दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली होती, आणि दोन्ही गटांच्या चिंता-नैराश्याच्या गुणांत मात्र फरक नव्हता. पोट सुधारले ते मन सुधारल्यामुळे नव्हे, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी दाखवू शकत नाही.

म्हणून माझे उत्तर असे: घेण्यास हरकत नाही, फक्त आधी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा. हृदयाच्या ठोक्यांचा, काचबिंदूचा किंवा लघवी अडण्याचा त्रास आहे का. इतर कोणती औषधे चालू आहेत. आणि सध्या जुलाबाचा जोर जास्त आहे की बद्धकोष्ठतेचा. या गटातील औषधांनी मल घट्ट होतो, त्यामुळे ज्यांना मुख्यतः बद्धकोष्ठता आहे त्यांच्यासाठी एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या दुसऱ्या गटातील औषध अधिक सोयीचे पडू शकते. पहिला आठवडा-दहा दिवस सकाळी जडपणा आणि तोंडाला कोरड जाणवेल. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी घेतली तर सकाळचा जडपणा कमी होतो. परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागतात. पाचव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून दिलेल्या गोळ्यांचा हिशेब मी ठेवला असता तर वही भरली असती. सवय लागते का, हा प्रश्न हमखास येतो. या गोळीची नशा किंवा ओढ लागत नाही, पण ती बंद करताना हळूहळू करावी. आणि एक महत्त्वाचे: तुम्हाला खरोखर नैराश्य असेल तर १० मिलिग्रॅमने त्यावर उपचार होत नाही. त्यासाठी पूर्ण मात्रेचे योग्य औषध आणि मानसोपचारतज्ज्ञ हवेत.

ते आहे का, हे ओळखण्यासाठी पोट चांगले असलेल्या दिवसाकडे पाहा. पोट शांत असलेल्या दिवशी तुम्हाला हुरूप येत असेल, आवडीच्या गोष्टींत रस वाटत असेल, तर मनाचा बराचसा भार पोटाचा आहे. पोट शांत असूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, तर तो स्वतंत्र आजार समजून त्यावर स्वतंत्र उपचार घ्यावेत. जगणे नकोसे झाल्याचे विचार आयबीएसच्या तीव्र रुग्णांच्या मनात येतात, आणि ‘पोटदुखीसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी असे कसे सांगू’ म्हणून ते सांगत नाहीत. असा विचार एकदाही आला असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरातल्या एका माणसाला सांगावे.

गोळीपेक्षा दीर्घकाळ टिकणारा उपचार म्हणजे आयबीएससाठी बेतलेली संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती, ज्याला सर्वजण सीबीटी म्हणतात. इंग्लंडमध्ये ५५८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इतर उपचारांनी वर्षभर फरक न पडलेल्या लोकांना ती फोनवरून किंवा संकेतस्थळाच्या आधारे देण्यात आली. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फायदा स्पष्ट होता आणि दोन वर्षांनंतरही तो बऱ्याच अंशी टिकून होता. यात बालपण उकरून काढणे नसते. वर सांगितलेल्या रुग्णाने काय केले ते सांगितले म्हणजे तिचे स्वरूप कळेल. पहिल्या आठवड्यात त्याने खिशातली गोळी पिशवीत ठेवली. दुसऱ्या आठवड्यात पिशवी टेबलाखाली ठेवून तो दारापासून तिसऱ्या खुर्चीवर बसला. कळ आली की लगेच न उठता घड्याळाकडे पाहून चार मिनिटे पोटाने सावकाश श्वास घ्यायचा आणि मग ठरवायचे, हा तिसऱ्या आठवड्याचा प्रयोग होता. त्याने मला वही आणून दाखवली: तेरा वेळा कळ आली, नऊ वेळा ती चार मिनिटांतच ओसरली. लांबचा रस्ता सुटायला मात्र पाच महिने लागले, आणि मधल्या काळात तो दोनदा चिडून निघून गेला होता.

पोटावर केंद्रित संमोहन हा दुसरा सिद्ध उपचार आहे. नाव ऐकून लोकांना रंगमंचावरचे खेळ आठवतात, पण १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्होर्वेल यांनी तीस अतितीव्र रुग्णांवर त्याची चाचणी घेतल्यापासून त्याचा पुरावा वाढतच गेला आहे. अडचण एवढीच की प्रशिक्षित व्यक्ती मिळणे कठीण असते. ज्यांना यापैकी काहीच उपलब्ध नाही त्यांनी नियमित झोप, रोजचे चालणे आणि दिवसातून दोनदा दहा मिनिटे पोटाने श्वसन एवढे केले तरी ते वाया जात नाही. रात्रीची झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी पोट बिघडते, हे बहुतेक रुग्णांना स्वतःच्या नोंदवहीतच सापडते.

आहाराविषयी थोडेच लिहिते, कारण त्यावर पुरेसे लिहिले जाते. विद्राव्य तंतू, विशेषतः इसबगोल, उपयोगी पडतात. कमी फॉडमॅपचा आहार (आतड्यात आंबून वायू करणारी काही कर्बोदके टाळणारा) अनेकांना लागू पडतो, पण तो चार ते सहा आठवड्यांचा प्रयोग आहे आणि त्यानंतर वगळलेले पदार्थ एकेक करून परत आणायचे असतात. चिंताळू माणसाच्या हाती ही यादी गेली की ती कायमची होते, ताटातले पदार्थ घटत जातात, आणि शेवटी उरते ती खाण्याचीच भीती. ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक विकार झाला आहे त्यांना मी हा आहार सांगतच नाही. आतड्यातील जिवाणूंची महागडी चाचणी करून त्यावरून मनःस्थिती सुधारण्याचा सल्ला देणाऱ्यांपासून सध्या तरी दूर राहावे. जिवाणूंचा संबंध आहे, पण एका माणसाच्या अहवालावरून उपचार ठरवण्याइतके ज्ञान अजून झालेले नाही.

राहता राहिला घरच्यांचा प्रश्न. ‘विचार करणे सोड’ हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नसतो, पण तो पाळता येत नाही, कारण विचार सोडण्यासाठी तो सुटला का हे सतत तपासावे लागते. त्यांना शास्त्र समजावण्याच्या भानगडीत फारसे पडू नका. दोन नेमक्या गोष्टी मागा. एक, रोज सकाळी ‘आज पोट कसे आहे?’ असे विचारू नका, मीच रविवारी सांगेन; कारण विचारले की लक्ष तिथे जाते आणि लक्ष गेले की जाणवते. दोन, बाथरूमच्या दारावर टकटक करून ‘अजून किती वेळ?’ असे म्हणू नका. आणि पुढच्या भेटीला त्यांच्यापैकी जो सर्वांत जास्त उपदेश करतो, त्यालाच सोबत न्या, आणि गोळी कशासाठी दिली आहे हे त्याच्यासमोर डॉक्टरांना पुन्हा एकदा सांगायला लावा.